दत्तक गिधाडाचा जमाखर्च

दुर्मिळ शिकारी पक्षी कंपनीने दत्तक घ्यायची रीत आता बऱ्याच देशांत रुळली आहे. कंपनी दरवर्षी ठरावीक रक्कम देते, त्यातून पक्ष्याचे खाद्य, औषधपाणी आणि देखभाल चालते. बदल्यात कंपनीला पक्ष्याचे नाव ठेवण्याचा मान मिळतो, पिंजऱ्याबाहेर तिच्या नावाची पाटी लागते आणि वार्षिक अहवालात पक्ष्याचे पानभर छायाचित्र येते. भारतात कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत प्राणी आणि वनस्पतींचे संरक्षणही आहे. त्यामुळे गिधाडासारख्या पक्ष्यासाठी असा पैसा मागितला जाणे स्वाभाविकच आहे. यावर दोन मते हिरिरीने मांडली जातात. एक म्हणते, हा पाप धुण्याचा प्रकार आहे, या पैशाला हात लावू नका. दुसरे म्हणते, कुणीतरी काहीतरी देत आहे, त्याचे आभार माना आणि नसते प्रश्न विचारू नका. मला दोन्ही मते चुकीची वाटतात. पैसा जरूर घ्यावा. मात्र पक्षी ज्या कारणांनी मरतो, त्यांतल्या एखाद्या कारणात देणाऱ्याचा हात असेल, तर ते कारण त्याने आधी स्वतःच्या धंद्याच्या खर्चाने दूर करावे. दत्तकाची रक्कम त्या देण्यातून वळती करून घेण्याचा हक्क कुणालाही नाही.

आधी पैसा नाकारणाऱ्यांचे म्हणणे पाहू. त्यांच्या रागामागे खरा अनुभव आहे, तरी त्यांचा निष्कर्ष टिकत नाही, कारण शिकारी पक्षी वाचवण्याचे काम विलक्षण संथ असते. फिलिपिन्सचा राष्ट्रीय पक्षी असलेला तिथला महाकाय गरुड दोन वर्षांतून एकदा, एकच अंडे घालतो. दावाओ शहराजवळच्या प्रजनन केंद्रात कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले ते १५ जानेवारी १९९२ रोजी. त्याचे नाव ठेवले ‘पाग-आसा’, म्हणजे आशा. आपली गिधाडेही वर्षाला एकच अंडे घालतात आणि वयात यायला त्यांना पाच वर्षे लागतात. हरियाणात पिंजोर इथे २००१ मध्ये गिधाडांसाठी केंद्र सुरू झाले, पण तिथली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे मोकळ्या आभाळात सोडायला २०२० साल उजाडले. या सगळ्या वर्षांत रोज मांस लागते, पशुवैद्य लागतो, रात्रपाळीचा माणूस लागतो. एका वर्षाचे अनुदान चुकले तरी पिंजऱ्यातल्या पक्ष्याची भूक थांबत नाही. कंपनीचा पैसा नाकारून तत्त्व सांभाळल्याचे समाधान मिळेल, पण त्याची किंमत तो पक्षी मोजेल. शिवाय कायद्याने खर्च करावाच लागणारा पैसा गिधाडाला मिळाला नाही, तर तो दुसऱ्या एखाद्या सोप्या आणि देखण्या कामाकडे जाईल. नकाराने कंपनीला कसलीच शिक्षा होत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो, तो म्हणजे माणसांच्या शाळा-दवाखान्यांना पैसा अपुरा पडत असताना गिधाडांचे लाड कशाला? एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे उत्तर आहे. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जास्तीची माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. मढी कुजत पडली, पाणी नासले, भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्यामागून रेबीज आला. गिधाडावर केलेला खर्च हा सार्वजनिक आरोग्यावरचाच खर्च आहे. तेव्हा या वादात आणखी शिरण्याचे कारण नाही.

आता ‘मिळेल ते घ्या’ म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचे म्हणणे वरवर समंजस वाटते, म्हणून ते जास्त घातक आहे. दत्तक योजनेत पक्ष्याचे जगणे हे त्या एका पक्ष्याच्या देखभालीपुरते आहे असे गृहीत धरले जाते. पक्षी दत्तक, त्याचे खाणे दत्तक, त्याचा पिंजरा दत्तक. तो पिंजऱ्याबाहेर ज्या कारणांनी मरतो, ती कारणे मात्र कुणीच दत्तक घेत नाही. फिलिपिन्समधलेच उदाहरण घ्या. जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने दावाओच्या केंद्रातला एक गरुड दत्तक घेतला आणि आपल्या धंद्यावरून त्याचे नाव ‘जिओथर्मिका’ ठेवले. त्याच कंपनीचा वीजप्रकल्प मिंडानाओ बेटावरच्या माउंट आपो या डोंगरावर आहे. हा डोंगर गरुडाच्या राहिल्यासाहिल्या जंगलांपैकी एक आहे, आणि तो प्रकल्प येऊ घातला तेव्हा तिथल्या आदिवासी जमातींनी त्याला कडवा विरोध केला होता. जिओथर्मिकाला २०१९ मध्ये प्रजननासाठी उधारीवर सिंगापूरला पाठवले आणि २०२३ मध्ये फुप्फुसाच्या संसर्गाने तो तिथेच मेला. त्याच्या मरणाचा दोष मी कंपनीला देत नाही. त्याची देखभाल मनापासूनच झाली असणार. तिने गरुडाला दिलेला पैसाही खोटा नव्हता. पण पिंजऱ्यातल्या एका गरुडावर किती खर्च झाला हे सांगून, डोंगरावरच्या जंगलाचे काय झाले या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते वेगळ्या खात्यातले देणे आहे आणि तिथे ते वेगळेच मांडले गेले पाहिजे.

गिधाडांच्या बाबतीत तर हे आरशासारखे स्वच्छ दिसते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांच्या जातीही सत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपास संपल्या. कारण सापडले ते डायक्लोफिनॅक, म्हणजे गुरांना टोचले जाणारे वेदनाशामक. सांधा धरलेल्या बैलाला किंवा सुजलेल्या कासेच्या गायीला ते दिले जाते. जनावर एक-दोन दिवसांत मेले, तर औषध त्याच्या मांसात उरते. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तातले युरिक आम्ल वाढते आणि शवविच्छेदनात काळजा-यकृतावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. मरण्याआधी पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसून राहतो. आणि ही घसरण घडवायला किती मढी दूषित असावी लागतात? शास्त्रज्ञांचे गणित सांगते की शंभरातले एक मढेसुद्धा नाही, त्याहूनही कमी पुरते. गिधाडे थव्याने एका मढ्यावर उतरतात, त्यामुळे एका इंजेक्शनने अख्खा थवा जातो. म्हणजे पाच, दहा, अगदी पन्नास गिधाडे दत्तक घेतली तरी तालुक्याच्या बाजारातल्या एका दुकानात ते औषध मिळत राहिले, तर सगळ्या पालनपोषणावर पाणी पडले.

मग त्या दुकानापर्यंत औषध पोहोचवणाऱ्यांनी काय केले? २००६ मध्ये सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले होते, म्हणजे पर्याय हाताशी होता. तरी माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या बाजारात येतच राहिल्या. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर पुरते. तीस मिलिलिटरची बाटली गुरांना टोचायला सोयीची होती आणि ती तशीच वापरली गेली. २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीची इंजेक्शने एका मात्रेच्या कुपीतच विकावीत असा नियम केला, तर त्याविरुद्ध औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये न्यायालयाने नियम कायम ठेवला. ॲसिक्लोफिनॅकची गोष्ट याहून वाईट आहे. हे औषध गायीच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते. तरी त्यावर आणि गिधाडांना तितक्याच घातक असलेल्या किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ साल लागले. मधल्या सतरा वर्षांत ते विकणारा कुणीही कायदा मोडत नव्हता.

‘आम्ही कायद्याच्या चौकटीत आहोत’ हा आक्षेप इथे उभा राहतो. तो मला मान्य नाही. कायदा पुराव्याच्या मागून लंगडत येतो आणि त्या लंगडण्याच्या काळात पक्षी मरत राहतो. आपल्या औषधाने गिधाड मरते हे शास्त्राने दाखवल्यावर ते बंदीच्या दिवसापर्यंत विकत राहणे कायदेशीर असेल. पण तीच कंपनी त्या काळात गिधाडाचा पिंजरा पुरस्कृत करू लागली, तर ती मदत स्वीकारणाऱ्या संस्थेने तिच्या तोंडावर प्रश्न विचारायलाच हवा. आधी ती बाटली बाजारातून परत घ्या, ज्या दुकानांत माल पडून आहे तिथून तो उचला, पशुवैद्यांना मेलॉक्सिकॅम सुचवा. याला लागणारा खर्च धंद्याचा खर्च आहे. दोन टक्क्यांच्या नियमातही नेहमीच्या धंद्यातली कामे सामाजिक खर्चात धरता येत नाहीत, आणि ही तरतूद अगदी योग्य आहे. स्वतःने केलेली हानी भरून काढणे हे दान नव्हे.

हे फक्त औषध कंपन्यांनाच लागू आहे असे नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर ओळीने पवनचक्क्या उभ्या आहेत. तिथे झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी शेजारच्या मोकळ्या पठाराच्या मानाने जवळजवळ चौपट कमी आढळले. शिकारी कमी झाल्यामुळे सरडे वाढले आणि सरड्यांची वागणूकही बदलली. म्हणजे पवनऊर्जेसारखी, हवामानासाठी मला स्वतःला हवी असणारी गोष्टसुद्धा शिकारी पक्ष्याकडून किंमत वसूल करते. पवनचक्की कंपनीने गरुडाचे किंवा गिधाडाचे पालकत्व घ्यायचे असेल, तर पहिला प्रश्न चक्क्यांच्या जागेचा आहे आणि पक्षी थव्याने येतात तेव्हा त्या थांबवण्याचा आहे. वीज वाहून नेणाऱ्या कंपनीसाठी तो खांबावरच्या उघड्या तारांचा आहे. रुंद पंखांचे गिधाड खांबावर बसताना किंवा उडताना दोन तारांना एकदम टेकते आणि जागीच संपते. तारेवर आवरण चढवणे हे काही अवघड शास्त्र नाही. तो फक्त खर्च आहे, आणि ज्याची तार त्याचा तो खर्च आहे.

यावर असे म्हटले जाईल की इतक्या अटी घातल्या तर कंपन्या पाठ फिरवतील. काही फिरवतीलही. ज्यांना फक्त छायाचित्र हवे आहे त्या गेल्या तर नुकसान थोडे आहे, कारण तशा कंपन्या नफा घसरला की नाहीतरी पहिली कात्री इथेच लावतात. ज्या कंपनीचा गिधाडाच्या मरणाशी काही संबंध नाही, उदाहरणार्थ संगणकप्रणाली लिहिणारी किंवा कापड विणणारी, तिच्यावर माझी हिशेबाची अट लागूच होत नाही. तिच्याकडून अपेक्षा आहे ती मुदतीची. दोन टक्क्यांच्या नियमांनुसार चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. गिधाडाचे पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात. एक प्रकल्प संपल्यावर दुसरा हाती घ्यायला कुणी अडवलेले नाही, पण दर तीन-चार वर्षांनी नव्याने पायऱ्या झिजवणाऱ्या संस्थेचा जीव अर्जांतच जातो. कंपनीने पहिल्याच दिवशी दहा-पंधरा वर्षांचा शब्द द्यावा आणि तो लेखी द्यावा. पक्ष्याचे नाव हवे असेल तर ठेवावे. नावाने कुणाचे काही बिघडत नाही आणि शाळकरी मुलांना ओढ लागते हेही खरे. पण वार्षिक अहवालात त्या नावाशेजारी किती दुकानांत बंदी असलेले औषध तपासले, किती खांबांच्या तारा झाकल्या, मेलेले जनावर विष न तपासता फेकू नये म्हणून किती शेतकऱ्यांना मोबदला दिला, हे आकडे यावेत.

जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची गिधाडे ताडोबा आणि पेंचला आणली गेली, काही महिने मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून पाठीवर यंत्र बसवून सोडली गेली. त्यांतली काही मेली. ताडोबाचे एक उडत उडत तमिळनाडूपर्यंत पोहोचले. या एका पक्ष्याने वाटेत किती जिल्हे, किती गुरांचे बाजार, किती औषधांची दुकाने आणि किती विजेच्या ओळी ओलांडल्या असतील! पिंजऱ्यावरची पाटी त्यांपैकी कशापर्यंत पोहोचत नाही. म्हणून या विषयात शेवटची मागणी औषधनिर्मात्यांकडे आणि परवाना देणाऱ्या सरकारकडे आहे. गुरांसाठीचे प्रत्येक नवे वेदनाशामक बाजारात येण्याआधी ते गिधाडाला सुरक्षित आहे हे दाखवण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्या कंपनीवर कायद्याने टाकावी, आणि त्या चाचणीचा खर्च तिनेच करावा. आज ही जबाबदारी पक्षी मेल्यावर संशोधक उचलतात, तेही वर्गणीच्या पैशातून, आणि तोवर औषध गावोगाव पोहोचलेले असते.