आधी अंदाज, मग पाणी

लहान मुलांसाठी विज्ञान म्हटले की व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी ठरलेला. फेस उसळतो, टाळ्या पडतात, फोटो ग्रुपवर जातो. मुले मात्र नुसती बघत असतात. निकाल बाईंना आधीच ठाऊक असतो आणि मुलांना त्यात ठरवण्यासारखे काहीच नसते. याला प्रयोग म्हणायची आमची तयारी नाही.

मुलांनी स्वतःच्या हातांनी सोडवावा असा प्रश्न दक्षिण सोलापुरातल्या मंद्रूपला शाळेच्या कुंपणाबाहेरच पडलेला आहे. गावाभोवती काळी जमीन. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि पुढे कापणीपर्यंत फारसा पाऊस नसतो. मग पिकाला पाणी मिळते कुठून?

तळाला बारीक भोके पाडलेले दोन पेले घ्या. एकात वाळलेल्या काळ्या मातीची लहान ढेकळे भरा, दुसऱ्यात मुरूम. पाणी ओतण्याआधी प्रत्येक मुलाकडून अंदाज घ्या आणि फळ्यावर लिहा. मंद्रूपकडे बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. अंदाज कन्नडमध्ये आला तर तसाच घ्या. ‘काळी माती पाणी धरते’ हे घरी ऐकलेले असल्याने पुष्कळ मुले तिच्या बाजूने बोलतील. पण पहिल्या वाटीचे पाणी ढेकळांच्या फटींतून भराभर खाली येते! वर्गात गलका होईल, होऊ द्या. त्या क्षणी समजावून सांगायचा मोह आवरणे हेच शिक्षकाचे काम. मधल्या सुट्टीनंतर दुसरी वाटी ओता. आता ढेकळे भिजून फुगलेली, फटी बुजलेल्या. पाणी वर साचते आणि अगदी हळू झिरपते. मुरमातून ते पहिल्यासारखेच गळत राहते. पुढचे काही दिवस रोज बोट खुपसून ओल पाहायची आणि चित्र काढायचे. चिकणमातीचे कण पाणी घेऊन फुगतात आणि वाळले की आकसतात, उन्हाळ्यातल्या भेगा त्यामुळेच पडतात, हे तुम्हाला माहीत असले म्हणजे पुरे. सात वर्षांच्या मुलाला ते सांगितलेच पाहिजे असे नाही.

तिसरी-चौथीसाठी अंगणात एक सरळ काठी रोवा. मंद्रूपला सध्या, जुलैत, सूर्य माथ्यावर येतो तेव्हा काठीची सावली दक्षिणेकडे पडते. ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती जवळजवळ नाहीशी होते आणि नंतर उत्तरेकडे वळते. हे बाराच्या ठोक्याला नव्हे, साडेबाराच्या सुमारास घडते. ढग आडवे येतीलच. ज्या दिवशी ऊन मिळेल त्या दिवशी खडूने खूण करा. सूर्याकडे थेट बघायचे नाही, हे मात्र रोज बजावा. शून्य सावलीचा दुसरा दिवस मे महिन्यात, सुट्टीत येतो, त्यामुळे ही संधी सोडू नये.

साहित्य नाही, ही सबब आता चालणारी नाही. पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रातून अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी शिक्षकांपुढे ठेवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती खेळणीसुद्धा आपण टेबलावर मांडून दाखवतो. ती मुलांनी करायची, मोडायची आणि पुन्हा करायची असतात.

वेळेची अडचण खरी आहे. पहिली-दुसरीला विज्ञानाचा वेगळा तास नाही. मग थेंब मोजणे गणितात घ्या, अंदाज सांगणे भाषेत. महिन्याला एकच प्रश्न घेतला तरी चालेल, पण तो तडीस न्या.

सप्टेंबरच्या अंकासाठी मुलांच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. चित्रे मुलांच्याच हातची असावीत आणि चुकलेले अंदाज खोडलेले नसावेत. सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या नोंदी आम्ही छापणार नाही.