मान मोडून घ्यावी काय?

आमच्या धंद्यात मान वाकविल्यावाचून कोणाचेच भागत नाही. मालक खतावणीवर वाकतो, दिवाणजी संगणकापुढे वाकतो आणि हमाल पोत्याखाली वाकतो. बेळगावच्या रविवार पेठेत चाळीस वर्षे धान्याची घाऊक विक्री करीत असता आम्ही अनेकांच्या माना धरलेल्या पाहिल्या; स्वतःचीही अनेकदा धरली. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार वैद्यकीय ज्ञानाने नव्हे, तरी अनुभवाने आम्हांस पोहोचतो असे वाटते.

मान धरली की दाढी करविताना केशकर्तनालयातच ती कडकन मोडून घ्यावी, हा आमच्या पेठेचा जुना रिवाज. आम्ही स्वतः तो वीस वर्षे पाळला. दोन वर्षांपूर्वी आमच्या वखारीतील एका जुन्या हमालाने मान दुखते व हाताला मुंग्या येतात अशी तक्रार केली. आम्ही त्यास मोठ्या आत्मविश्वासाने तोच उपाय सांगितला. वर पैसेही दिले. दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा हात वर उचलेना. मानेतील गादी सरकून शीर आधीच दाबली गेली होती, त्यावर हा झटका बसला, असे डॉक्टरांचे मत पडले. चार महिन्यांनी हात पुष्कळसा सुधारला, परंतु पोते उचलणे कायमचे सुटले. आज तो आमच्या दारावर पोत्यांची मोजदाद करतो. सल्ला आमचा होता, ही गोष्ट आम्ही विसरू शकत नाही.

आमची एक पुतणी फिजिओथेरपीचे शिक्षण घेतलेली आहे. ती म्हणाली, “काका, माल न पाहता तुम्ही कधी भाव सांगता का? मग मान न तपासता उपाय कसा सांगितलात?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिच्याकडून जे समजून घेतले, ते येथे देतो.

मानेत सात मणके असतात. त्यांच्या बाजूंच्या छिद्रांतून मेंदूस रक्त पुरविणाऱ्या दोन रोहिण्या वर जातात. मानेस जोराचा झटका दिल्यास क्वचित रोहिणीचे आतील अस्तर फाटते व पक्षाघातही होऊ शकतो. प्रसंग विरळा खरा, परंतु घडल्यास हानी भरून येत नाही.

हाताने करावयाच्या उपचारांचे प्रकार अनेक आहेत. एक झटक्याचा, तो शिकलेला मनुष्य तपासणी करून, नेमक्या सांध्यावर व थोड्या अंतरात देतो. दुसरा, सांधा हळूहळू डोलविण्याचा. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड यांनी त्याच्या चार पायऱ्या लावून दिल्या व त्यांचा ग्रंथ १९६४ साली निघाला. तिसरा न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांचा. यात उपचार करणारा मणक्यास हाताने आधार देतो आणि रोगी आपली मान आपणच वळवितो. चौथ्यात रोगी उपचारकाच्या हाताविरुद्ध मानेने हलका जोर देतो, मग स्नायू सैल सोडतो. प्रत्येक पद्धतीचे अभिमानी आपलीच पद्धत श्रेष्ठ म्हणतात. यात नवल नाही. बाजारात आपला माल हलका असे कोण म्हणतो?

तेव्हा तराजूच पाहावा. ऑस्ट्रेलियात नव्याने मान दुखू लागलेल्या १८२ रोग्यांवर झटका व सांधा डोलविणे या दोन पद्धतींची तुलना झाली व तिचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्मे रोगी बरे होण्यास झटक्याच्या गटात ४७ दिवस लागले, दुसऱ्या गटात ४३. म्हणजे वस्तुतः फरक नाहीच. अमेरिकेत २७२ रोग्यांची दुसरी तुलना २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत झटक्याचा उपचार गोळ्या-औषधांपेक्षा सरस ठरला. पण रोग्यास समजावून देऊन घरी करविलेला साधा व्यायाम जवळपास त्याच्याच बरोबरीला उतरला.

दोन मालांचा गुण सारखा आणि एकात जोखीम अधिक, तर शहाणा व्यापारी कोणता घेईल हे सांगणे नलगे. आमचे मत असे, की प्रथम तपासणी, मग सौम्य हात, आणि रोजचा व्यायाम स्वतःचा. हातास मुंग्या वा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, चक्कर, दोन-दोन दिसणे, ताप किंवा पडल्यानंतरची मानदुखी, यांपैकी काही असल्यास मानेस कोणासही हात लावू न देता प्रथम डॉक्टर गाठावा.

यावर काही बंधू म्हणतील, “आम्ही वर्षानुवर्षे मान मोडून घेतो, काही झाले नाही.” आमची वखारही चाळीस वर्षांत कधी जळाली नाही, तरी आगीच्या विम्याचा हप्ता आम्ही एकदाही चुकविला नाही.

शेवटी संघाच्या कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना. आठवड्यातून एक दिवस संघाच्या कार्यालयात शिकलेल्या फिजिओथेरपिस्टची सोय करावी. सभासदांनी आपल्या ऐपतीप्रमाणे खर्च द्यावा आणि हमालांस ती विनामूल्य असावी. आपल्या धर्मात औषधदानाची थोरवी सांगितली आहे. ज्यांच्या मानेवरून आपले धान्य वखारीत आले, त्यांच्या मानेची काळजी घेणे हे दानही नव्हे. ती जुन्या उधारीची फेड आहे. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा चौथा हिस्सा आमच्या पेढीच्या नावे मांडावा.