सलग २२ तास बसताना

सिडनी ते लंडन हवाई अंतर सुमारे १७ हजार किलोमीटर. क्वांटास ही ऑस्ट्रेलियन विमानकंपनी ते २०२७ पासून कुठेही न थांबता कापू पाहते आहे. वेळ लागेल २२ तासांपर्यंत; एका थांब्याच्या प्रवासापेक्षा चारेक तास कमी. पण हा हिशेब घड्याळाचा झाला, पायांचा नव्हे. सिंगापूरला विमान थांबले की प्रवासी नाइलाजाने का होईना, चालतो. ती चाल आता बंद.

बसून राहिल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. तरीही निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक इतकाच. (रात्रभराच्या बसलाही हे लागू आहे.) स्थूलता, गर्भनिरोधक गोळ्या, इतकेच काय, १६० सेंटिमीटरहून कमी उंचीही धोका वाढवते. आपल्याकडच्या कितीतरी स्त्रिया यात येतात.

कंपनीने विमानात उभे राहून अंग मोकळे करायला वेगळी जागा ठेवली आहे. खिडकीशेजारच्याला मात्र तिथे जाण्यासाठी दोन झोपलेल्यांना उठवावे लागेल.