कादंबरींतला कट आणि दारांतली नदी

आमच्या घरांत जेवणाच्या पंक्तीस वाद झाला नाहीं, तर आमटींत मीठ कमी पडल्यासारखें वाटतें. गेल्या महिन्यांत मात्र वाद इतका चढला कीं ताक वाढावयास आलेली मोठी काकू भांडें हातांत धरून तशीच उभी राहिली. निमित्त झालें एका इंग्रजी कादंबरीचें. आमचा पुतण्या चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत एंजिनिअर आहे. त्यानें ती मित्राकडून आणली, दोन रात्री जागून संपविली आणि तिसऱ्या दिवशीं भातावर वरण घेतां घेतां जाहीर केलें, "आप्पा, हवामान बदलत असल्याची ही सगळी ओरड म्हणजे एक कट आहे. पुराव्यानिशीं लिहिलें आहे!"

'पुराव्यानिशीं' हा शब्द ऐकून आम्हीं पुस्तक मागून घेतलें.

मायकेल क्रायटन ह्या अमेरिकन कादंबरीकाराचें, २००४ सालीं निघालेलें 'स्टेट ऑफ फिअर' तें हें पुस्तक. तें रंगतदार आहे, हें प्रथमच कबूल करतों. एक धनाढ्य दानशूर गृहस्थ, त्याचा तरुण वकील, एक सर्वज्ञ प्राध्यापक आणि त्याचा थापा नांवाचा नेपाळी सहायक, इतकीं पात्रें घेऊन लेखक आपणांस अंटार्क्टिकाच्या बर्फावरून ॲरिझोनाच्या ओढ्यांत आणि तेथून पार सॉलोमन बेटांवर नेतो. पृथ्वी तापत आहे असा धाक जगास बसावा म्हणून कांहीं पर्यावरणवादी मंडळी हिमाचा कडा फोडूं पाहतात, पूर आणतात आणि अखेरीस समुद्राच्या तळाशीं दरड कोसळवून कॅलिफोर्नियावर त्सुनामीची लाट सोडण्याचा बेत रचतात. तोहि नेमका परिषदेच्या मुहूर्तावर! मध्येंच एक वाचाळ नट नरभक्षकांच्या तोंडीं पडतो. (लेखकाचा ह्या नटावर विशेष राग दिसतो.) पुस्तक बाजारांत येऊन महिनाहि लोटला नाहीं, तोंच २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्राजवळ खरा भूकंप होऊन खरी त्सुनामी आली. तिनें दोन लाखांहून अधिक माणसें नेलीं, आणि तिच्यामागें कोणाचाहि हात नव्हता.

पण पुतण्यास भुलविलें तें साहसांनीं नव्हे, तळटिपांनीं. ह्या कादंबरीस आलेख आहेत, टिपा आहेत, शेवटीं संदर्भग्रंथांची लांबलचक यादी आहे. शिकलेला मनुष्य अशा सजावटीपुढें चटकन नमतो. आम्हीहि पुष्कळदां नमलों आहों. १९८८ सालीं जेम्स हॅन्सन ह्या शास्त्रज्ञानें तापमानवाढीचे तीन अंदाज मांडले होते: धुराचें प्रमाण बेसुमार वाढलें तर, मध्यम राहिलें तर, आणि आवरलें तर. मधला अधिक संभवनीय, असें त्याचें मत होतें. कादंबरीनें सर्वांत वरचा अंदाज तेवढा उचलला आणि हा गृहस्थ तीनशें टक्क्यांनीं चुकला असें ठरविलें. म्हणजे आकडा कागदावर सांपडतो, पण त्याच्या शेजारचे दोन आकडे झांकलेले असतात! पुढें सप्टेंबर २००५ मध्यें ह्याच कादंबरीकारास अमेरिकन सेनेटच्या समितीपुढें साक्षीस बोलाविण्यांत आलें, आणि २००६ सालीं तेथील पेट्रोलियम-भूगर्भशास्त्रज्ञांच्या संघानें त्यास पारितोषिक दिलें. कशाचें म्हणाल तर पत्रकारितेचें.

आतां कटच हवा असेल तर तो आहे. परंतु त्यांत पाणबुड्या नाहींत. एक्झॉन ह्या तेलकंपनीच्या शास्त्रज्ञांनीं १९७७ पासून आपल्या वरिष्ठांस सांगितलें होतें कीं इंधनाच्या धुरानें पृथ्वी तापेल. १९८२ पर्यंत त्यांनीं आकडेहि काढले होते. २०२३ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत ते अंदाज तपासून प्रसिद्ध झाले. बहुतेक बरोबर निघाले. तरीहि मधल्या काळांत कंपनी चारचौघांत 'खात्री नाहीं, खात्री नाहीं' असेंच म्हणत राहिली. आमच्या गांवीं कागद नदींत गेल्याच्या दोन कथा आहेत. तुकोबांनीं कर्जदारांचीं खतें आपण होऊन इंद्रायणींत बुडविलीं ती एक; गाथेच्या वह्या त्यांना बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या ती दुसरी. कंपनीनें कागद बुडविले नाहींत, कपाटांत ठेवले. २०१५ सालीं ते वार्ताहरांच्या हातीं लागले. येथें उपमा देण्याचा मोह आम्हीं आवरतों.

मराठींत ह्या विषयावर कांहींच नाहीं काय, असें पुतण्यानें विचारलें. आम्हीं डॉ. जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' काढून दिली. १९७४ सालीं 'नारायण विनायक जगताप' ह्या नांवाआड लपून मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत बक्षीस मिळविणारे नारळीकर मे २०२५ मध्यें पुण्यास निवर्तले. त्यांची ही गोष्ट कादंबरीएवढी लांब नाहीं, आणि तिच्यांतलें संकट उष्णतेचें नसून थंडीचें आहे. मुंबईंत बर्फ पडतें! डॉ. वसंत चिटणीस हा शास्त्रज्ञ समजावून सांगतो कीं समुद्राच्या वरच्या थरांत सांठलेली ऊब ही पृथ्वीची कणगी आहे. ती रिती होत आली असतां ज्वालामुखीची धूळ ऊन अडविते, हवेंत हिऱ्याच्या भुकटीसारखे हिमकण तयार होतात आणि ते उरलेलें ऊनहि परतवितात. शेवटीं अग्निबाणांनीं वातावरणांत धातूचे कण सोडून उपाय होतो. ह्या गोष्टींत खलपुरुष नाहीं. शास्त्रज्ञ आधींच सांगतो आणि कोणी ऐकत नाहीं, एवढ्यावरच ती उभी आहे. आम्हांस ती अधिक भयंकर वाटते.

आज ती कणगी उलट उतूं जात आहे. पृथ्वीवर सांचणाऱ्या जादा उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्र पोटांत घेतो. "पण समुद्र आपल्यापासून किती लांब!" असें पुतण्या म्हणाला, तेव्हां आम्हीं त्याला ३ जून २०२० ची आठवण दिली. त्या दिवशीं 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें आणि घांट ओलांडून पुणें जिल्ह्यांतहि आलें. आमच्या परसांतला आंबा त्यांतच गेला. शिवाय आपल्या नदीचे पाय दोन्ही समुद्रांस लागले आहेत. लोणावळ्याकडे तलावांत अडविलेलें पाणी खोपोलीच्या वीजघरावरून अरबी समुद्राकडे उतरतें. उरलेलें देहू-आळंदीवरून तुळापुरास भीमेंत, पुढें कृष्णेंत आणि शेवटीं बंगालच्या उपसागरांत जातें.

येथें काकूनें ताकाचें भांडें खालीं ठेवलें. "तें सगळें असूं द्या," ती म्हणाली, "आळंदीच्या बंधाऱ्याखालीं तो पांढरा फेस येतो, तो कोणाचा कट?"

पुतण्यानें कारखान्यांचें सांडपाणी, गांवोगांवचें मैलापाणी, साबणाची भुकटी असें सारें प्रामाणिकपणें सांगितलें. बंधाऱ्यावरून पाणी कोसळतांना घुसळलें जातें आणि फेस धरतें, हेंहि सांगितलें.

"म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्रांत आपण टाकतों तीच भुकटी ना?" काकूनें विचारलें. "मग आपल्या मोरीचें पाणी कोठें जातें रे?"

चाळीस वर्षें ह्या घरांत राहून आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुतण्यासहि नाहीं. रविवारीं सकाळीं तो काठी घेऊन गटाराच्या कडेनें निघाला तो दुपारीं चिखलानें माखून परतला. हातपाय धुऊन पानावर बसला. काकूनें विचारलें तेव्हां "नदींत" एवढेंच म्हणाला. त्या दिवशीं पंक्तीस वाद झाला नाहीं.

कादंबरी त्यानें मित्रास परत केली आहे. 'हिमप्रलय' सध्यां काकूच्या उशाशीं आहे आणि ती कोणास हात लावूं देत नाहीं; सबब वरील सारांश आम्हीं स्मरणावरून दिला आहे. त्यांत कांहीं उणें राहिलें असल्यास वाचकांनीं क्षमा करावी.