विहीर कोणत्या भाषेत आटते?

पाटी कोणत्या भाषेत असावी, यावर आपण दोन-तीन पिढ्या भांडलो. ते भांडण खोटे होते असे मी म्हणणार नाही. सीमाभागात ज्याचे घर आहे त्याला तसे म्हणवणारही नाही. पण गल्लीतल्या विहिरीत निर्माल्याची पिशवी टाकताना आपला हात का अडखळत नाही, हा प्रश्न आता घरात विचारायला हवा.

१९९५ च्या टंचाईत राकसकोपने तळ गाठला, तेव्हा बेळगावला हात दिला तो पणजोबांच्या विहिरींनी. महापालिकेने जुन्या विहिरींचा गाळ उपसून त्या पुन्हा वापरात आणल्या. त्याही आधी, डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत अधिवेशन भरले, त्यासाठी काँग्रेस विहीर खणली गेली. थोड्या दिवसांच्या पाहुण्यांसाठी खणलेली विहीर शंभर वर्षे पाहते. आणि आपण घरच्यांसाठी मारलेली बोअर आटली की शेजारी दुसरी मारतो!

"पाणी देणे हे पालिकेचे काम," असे म्हणणारे भेटतात. मान्य. पण कचरा टाकणे कोणाचे काम? पालिका एकदा गाळ काढील. रोजचा उपसा कोण करणार? विहीर उपशाने जिवंत राहते. उपसा थांबला की पाणी कुजते, पाणी कुजले की कचरा येतो, आणि कचऱ्यामागून प्लॉट पाडणारा येतो. तपासल्याशिवाय ते पाणी पिऊ नका. पण धुणे, अंगण, बाग, संडास यांना पिण्याचे पाणी कशाला हवे?

पाऊस कमी पडतो, ही सबबही पुरी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये याच शहरात घराघरांत पाणी शिरले. पाणी आले होते. मुरायला आपण जागा ठेवली नव्हती. अंगणात फरशी आपणच घातली, नाल्यात भराव आपल्यासारख्यांनीच टाकला.

मग करायचे काय? गल्लीगल्लीत गणेशोत्सव मंडळ आहे. वर्गणी गोळा करणारी, रात्रभर मांडव उभारणारी पोरे आहेत. त्या वर्गणीतला दहावा हिस्सा विहिरीचा ठेवा. वैशाखात गाळ काढा, तोंडावर जाळी बसवा, छपराचे पाणी गाळून आत सोडा, आणि कठड्याच्या आत रंगाने दर महिन्याची पातळी लिहा. बोअरचे पाणी किती उरले ते दिसत नाही. विहीर आपला हिशेब उघडा ठेवते. तो पाहायची आपलीच तयारी नसते.

एक मात्र आहे. हे काम एकट्या मराठी घरांचे नव्हे. आपण बाव म्हणतो, शेजारची अक्का बावी म्हणते. झरा दोघांच्या घराखालून येतो आणि आटतो तोही दोघांचा. तेव्हा गाळ काढायच्या दिवशी तिच्या मुलालाही हाक मारा. पाटीचे भांडण पुढे चालू ठेवायचे, तरी घशाला ओल लागेलच!