आबांचे पुण्यानुमोदन

गेल्या रविवारी आमच्या आबांचे पुण्यानुमोदन झाले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या गर्दीत ते वडिलांच्या खांद्यावर होते, याचा त्यांना फार अभिमान. गिरणीची रात्रपाळी करून आले तरी आम्हा भावंडांना शाळेत तेच सोडीत. पुढे नातवंडांचे घोडा झाले. पत्त्यांत मुद्दाम हरत आणि रडण्याचे सोंग काढीत.

त्रिशरण-पंचशील झाले. बोलायला कोणी उठेना. तेव्हा सात वर्षांच्या नातीने चष्मा नाकाच्या टोकावर ओढून आबांचे ते रडणे करून दाखविले. सारी सभा हसली. नात्यातले एक वडीलधारे रागावले, "दुखवट्यात हसता?"

आई डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्याच्या पुण्यात आनंद मानणे. पोरांना हसवणे हेच यांचे पुण्य."

वाचकहो, बावीस प्रतिज्ञांत आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडले. हसणे सोडलेले नाही. जेवणावळीचे पैसे आम्ही वस्तीतल्या मुलांच्या वह्यांना दिले. वह्या नातीनेच वाटल्या, नाकावर आबांचा चष्मा ठेवून. मघाचे वडीलधारेही मग हसले.

जयभीम!