मल्टिपल स्क्लेरॉसिसमधील एमआरआय तपासणीचे प्रमाणीकरण

मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांची एमआरआय तपासणी दर वेळी एकाच पद्धतीने व्हावी, यासाठी ठरवलेल्या तांत्रिक नियमांना तपासणीचे प्रमाणीकरण म्हणतात. यंत्र, रुग्णालय किंवा तंत्रज्ञ बदलला तरी जुन्या व नव्या प्रतिमांची विश्वासार्ह तुलना करता यावी, हा त्याचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि नेत्रचेता यांतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावर हल्ला करते. २०२० मधील अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना हा आजार होता. तो बहुधा २० ते ४० वर्षे या वयात सुरू होतो व आयुष्यभर राहतो. मेंदूत उमटणाऱ्या नव्या व्रणांपैकी बहुतेकांची बाह्य लक्षणे दिसत नाहीत. त्यामुळे औषध लागू पडत आहे की नाही, हे ठरवताना एमआरआयला मोठे महत्त्व असते.

तुलनेतील अडचणी

३ टेस्ला क्षमतेच्या यंत्रावर १.५ टेस्लाच्या यंत्रापेक्षा अधिक व्रण दिसतात. प्रतिमेचे काप जाड असल्यास लहान व्रण निसटतो; डोक्याचा कोन बदलल्यास जुना व्रण नवा भासू शकतो. याचा परिणाम थेट उपचारांवर होतो. भासमान ‘नव्या’ व्रणामुळे योग्य औषध बंद करून अधिक जोखमीचे औषध दिले जाऊ शकते. खरा व्रण निसटल्यास अपुरे औषध चालू राहते आणि दरम्यान झालेली हानी पुष्कळदा भरून येत नाही.

२०२१ च्या शिफारशी

२००१ मधील मॅकडोनाल्ड निकषांनी निदानात एमआरआयला औपचारिक स्थान दिले. प्रतिमा कशी घ्यावी, याबाबत युरोप व उत्तर अमेरिकेत मात्र स्वतंत्र मार्गदर्शिका होत्या. २०२१ मध्ये युरोपातील मॅग्निम्स आणि उत्तर अमेरिकेतील सीएमएससी व एनएआयएमएस या गटांनी ‘द लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात संयुक्त शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतील प्रमुख मुद्दे असे:

• यंत्र किमान १.५ टेस्लाचे, शक्यतो ३ टेस्लाचे असावे.
• त्रिमितीय फ्लेअर हा मुख्य प्रतिमाक्रम असावा. द्विमितीय प्रतिमा घ्याव्या लागल्यास कापांची जाडी ३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी.
• उपचार सुरू झाल्यावर ३ ते ६ महिन्यांनी नवी आधारभूत तपासणी करावी व पुढील तुलना तिच्याशी करावी. औषधाचा परिणाम दिसण्यापूर्वी झालेले व्रण त्याचे अपयश म्हणून मोजले जाऊ नयेत, हे यामागील कारण होय.
• त्यानंतर साधारणपणे दरवर्षी, शक्यतो त्याच यंत्रावर तपासणी करावी.
• नियमित पाठपुराव्यात गॅडोलिनियम द्रव्याचा वापर मर्यादित ठेवावा.

वारंवार दिलेल्या गॅडोलिनियमचा अंश मेंदूत साठतो, असे २०१४ मध्ये निदर्शनास आले होते. २०१७ मध्ये युरोपीय औषध संस्थेने या द्रव्याच्या रेषीय प्रकारांवर निर्बंध आणले. मात्र नवा व्रण द्रव्याविना ओळखायचा, तर जुनी व नवी प्रतिमा तंतोतंत जुळावी लागते. त्यामुळे प्रमाणीकरणाची गरज अधिकच वाढली.

मर्यादा

समान नियम पाळूनही सर्व फरक नाहीसे होत नाहीत. एनएआयएमएसच्या २०१७ मध्ये प्रकाशित अभ्यासात, आजार स्थिर असलेल्या एकाच रुग्णाची उत्तर अमेरिकेतील ७ केंद्रांवर ३ टेस्लाच्या यंत्रांवर तपासणी करण्यात आली. यंत्रे एकाच उत्पादकाची व पद्धती समान असूनही व्रणांच्या व मेंदूच्या आकारमानात केंद्रागणिक फरक आढळला. या आजारात मेंदू दरवर्षी साधारणतः अर्धा ते एक टक्का आक्रसतो. इतका सूक्ष्म बदल यंत्रांतील फरकात झाकला जाऊ शकतो. म्हणून एकेका रुग्णाच्या नियमित उपचारनिर्णयासाठी मेंदूच्या आकारमानाचे मापन २०२१ च्या शिफारशींत सुचवलेले नाही.

प्रत्यक्ष अंमलबजावणीत जुनी यंत्रे, तपासणीस लागणारा वेळ व खर्च हे अडथळे ठरतात. केवळ छापील फिल्म जपल्यास अचूक मोजमाप शक्य होत नाही. त्यासाठी डायकॉम स्वरूपातील मूळ संगणकीय प्रतिमा लागतात. रुग्ण गाव किंवा रुग्णालय बदलतो, तेव्हा या प्रतिमा त्याच्यासोबत जाणे हा प्रमाणीकरणाचा आवश्यक भाग ठरतो.